बैलाच्या एका दिवसाचा नकाशा

मला नाईल नदीवर लघुप्रबंध लिहायचा होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या कॉलेजात मी भूगोलात एम.ए. करत होते. नदी, पूर, गाळ, धान्य, नगरं, राजे ही साखळी मला तोंडपाठ होती. डोंगर कुठे उभा आहे आणि पाणी कुठून वाहतं, एवढ्यावरून हजारो वर्षं माणसं कशी जगणार हे ठरतं, या कल्पनेनं मी भारावून गेले होते. माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत जाऊन मी हे सगळं एका दमात सांगितलं. सरांनी एकच विचारलं.

"नाईल बघितलीय का?"

"नाही सर."

"देवळ्याला एसटी जाते. तिथले आठवडे बाजार बघा. कुठे भरतात, तिथेच का भरतात, लोक किती लांबून येतात, ते शोधून काढा."

मी हिरमुसून घरी आले. आमचं घर नाशिकरोडच्या पुढच्या एका वसाहतीत होतं. वसाहतीत बहुतेक घरं आमच्यासारखीच, बौद्ध कुटुंबांची. कुणी कारखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत. आबा, म्हणजे माझे वडील, वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायच्या कामावर होते. पाळी संपवून, अंघोळ करून ते ओट्यावर बसले होते. कितीही साबण लावला तरी त्यांच्या कानामागे एक काळी रेघ राहायचीच.

"आबा, बाजारावर कुणी एम.ए. करतं का?" मी विचारलं.

त्यांनी उलट मलाच विचारलं, "आमचं केंद्र इथं का बांधलं, सांग बरं. कोळसा तर इथं नाय. तो पार चांद्याकडच्या खाणींतून येतो. मग तिकडंच जाळायचा ना."

माझी दोन वर्षं भूगोलात गेली होती आणि घरातून दिसणाऱ्या धुराड्यांबद्दल मी कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

"इथं गोदावरीचं पाणी हाय," आबा म्हणाले, "कोळसा आणायला रेल्वे हाय, आन वीज मागणारी मुंबई घाटाच्या खाली बसलीय. कुणी उगा कुठंबी बसत नाय पोरी. बाजाराचंबी तसंच आसंल."

पुढच्या आठवड्यात मी देवळ्याला गेले. तिथे माझी मावशी राहायची, तिच्याकडे मुक्काम टाकला. देवळा तेव्हा तालुक्याचं गावही नव्हतं, नुसतं मोठं खेडंच म्हणायचं. पण कांद्याच्या दिवसांत रस्ते गोण्यांनी भरून जायचे. मी रोज एसटीनं किंवा पायी एकेक बाजारगाव गाठायची. हातात छापील प्रश्नावली. कुठून आलात, कशानं आलात, काय आणलंत, परत कधी जाणार. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष विचारायचे, कुणाची पोर? या प्रश्नाचा खरा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता, म्हणून मावशीचं घर बौद्धवाड्यात आहे हे मी सरळ सांगून टाकायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. काही जण तिथेच उठून जायचे. बरेच बसायचे.

तीन आठवड्यांनी मी मावशीच्या घरात जमिनीवर सरकारी सर्व्हेचा मोठा नकाशा पसरला. डोंगर, ओढे, विहिरी, पायवाटा सगळं दाखवणारा. एकेका बाजारगावावर लाल पेन्सिलीनं ठिपका दिला. मग कंपासपेटीतला कंपास घेऊन, लोकांनी सांगितलेल्या अंतराएवढं वर्तुळ प्रत्येक ठिपक्याभोवती काढलं. शेवटचं वर्तुळ पुरं झालं आणि मी मागे सरकून बघितलं.

वर्तुळं एकमेकांना चिकटून बसली होती. परातीत भाकऱ्या ओळीनं मांडाव्यात तशी. मधे फारशी जागा नाही, एकमेकांवर फारशी चढलेली नाहीत. कुणीही बसून ठरवलं नव्हतं, कुठल्या कचेरीनं हुकूम काढला नव्हता, आणि तरी साऱ्या मुलखात बाजार एका मापानं मांडले गेले होते. मी मावशीला चुलीपासून हाताला धरून आणलं.

"बघ," मी म्हटलं.

ती कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली. "गोल हायत," ती म्हणाली. "पण इथं भोक पडलंय. आन हे दोन एकावर एक चढलेत."

तिचं खरं होतं. देवळ्याच्या एका अंगाला एक वर्तुळ असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं, कोरी जागा. आणि दुसरीकडे दोन बाजार इतके जवळ होते की एकाची गरजच नव्हती. शिवाय डोंगराच्या बाजूची वर्तुळं लहान होती, सपाटीवरची मोठी. माझं माप एक नव्हतंच. माप होतं, पण ते मैलात नव्हतं.

मावशीनंच मला एका गाडीवाल्या काकांकडे नेलं. ते साठीच्या पुढचे होते. एका भुसार दुकानदाराचा माल या बाजारातून त्या बाजारात नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. घरात ते अहिराणी बोलायचे, माझ्याशी बोलताना जमेल तेवढी मराठी. मी नकाशा दाखवला आणि विचारलं, हे अंतर कशावरून ठरलं असेल?

"मले काय ईचारस? बैलले ईचार," ते म्हणाले. म्हणजे मला कशाला विचारतेस, बैलाला विचार.

मला वाटलं त्यांनी मला उडवून लावलं. पण ते पुढे म्हणाले, "उद्या दिवस उगवायच्या आत ये. गाडीत बसून ये. कागद घरी ठेव."

कागद मी घरी ठेवला नाही, पण गेले वेळेवर. थंडीचे दिवस होते. गाडीत ज्वारीची आणि गुळाची पोती, त्यांच्या मागे कडब्याच्या पेंढ्या, आणि पेंढ्यांवर मी, मनगटावर आईचं घड्याळ. रस्त्याच्या कडेचा दगड आला की मी वेळ टिपून घ्यायची. सपाटीला गाडी तासाला दोन मैलांच्या थोडी वर चालायची. वाट चढाला लागली की बैलांच्या माना खाली जायच्या, काका खाली उतरून चाकाला खांदा लावायचे आणि तेवढ्याच वेळात निम्मंही अंतर कापलं जायचं नाही.

"काका, चढाला कोस मोठा होतो की काय?"

"कोस तेवढाच हाय. बैल लहान व्हतो."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. डोंगराकडची वर्तुळं लहान का, याचं उत्तर त्या एका ओळीत होतं. तासाभरानं एका ओढ्यावर त्यांनी बैल सोडले, पाणी पाजलं. स्वतः लोट्यानं पाणी प्यायले आणि लोटा न विसळता माझ्या हातात दिला. मी क्षणभर तो हातात धरून राहिले. ते बैलांच्या माना थोपटत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मी पाणी प्यायले.

"आणि पेंढ्या एवढ्या कशाला?" मी विचारलं.

"खातील काय मंग?" ते म्हणाले. "एका दिवसात जाऊन घरी आलं तर एवढ्या पेंढ्या पुरतात. मुक्काम पडला तर याच्या दुप्पट लागतात. दोन मुक्काम पडले तर पोती उतरून ठेवायची आन नुसता कडबाच न्यायचा. मंग बाजारात काय इकायचं, कडबा?"

मी पेंढ्यांवर ताठ बसले. गाडी आपलं जळण आपल्याबरोबर नेत होती. जितकं लांब जावं तितकी जळणालाच जास्त जागा लागणार, मालाला कमी. म्हणजे एक अंतर असं येतं की त्याच्या पुढे जाण्यात अर्थच उरत नाही. तेच माझ्या वर्तुळाचं टोक होतं. सकाळी जुंपलेला बैल संध्याकाळी आपल्या गोठ्यात परत येऊ शकतो, तिथवर बाजाराची हद्द. गावं, पेठा, जकातनाके, कदाचित राजांच्या सीमासुद्धा या दोन जनावरांच्या पोटानं आणि पायांनी आखलेल्या असतील. मी हे काकांना इतक्या भराभर सांगायला लागले की शेवटी त्यांनी बैल थांबवले.

"हळू सांग," ते म्हणाले. "राजा कुठून आला मधीच?"

एकमेकांजवळ भरणाऱ्या त्या दोन बाजारांचं कोडं त्याच दिवशी सुटलं. दोन्हींच्या मधे नदी होती. थंडीत ती गुडघाभर, मी एसटीतून जाताना तिच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. पण पावसाळ्यात चार महिने गाडी उतरत नाही, म्हणून दोन्ही काठांना आपापला बाजार. राहिली ती कोरी जागा.

"तिथं बाजार नाही," मी नकाशावर बोट ठेवून म्हटलं. "का नाही ते कळत नाही."

काकांनी बोटाकडे बघितलं, मग आजूबाजूच्या डोंगरांकडे. "व्हता," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी मुद्दाम वळवली. एका उघड्या माळावर चिंचेची तीन जुनी झाडं होती. झाडांखाली दगडी डोण्या होत्या, जनावरांना पाणी पाजायच्या, एकीपुढे एक, मी मोजल्या तर चौदा. आता त्यांत वाळलेली पानं होती. माळावरची माती अशी घट्ट दबलेली की कडेला गवत आणि मधे काहीच नाही. शेजारी एक बुजत आलेली विहीर होती.

"आठे पानी व्हतं, म्हनीसन आठे बजार व्हता," काका म्हणाले. इथं पाणी होतं म्हणून इथं बाजार होता. "शंभरावर गाड्या सुटायच्या. मी सोताच सोडलीय की."

"मग मोडला कसा?"

"ट्रक आला. पलीकडच्या मोठ्या रस्त्यानं माल जायला लागला. बैल दोन कोसांवर पाणी मागतो. ट्रक पाणी मागतो, पर पार लांब जाऊन मागतो. या विहिरीशी त्याचं काही काम नाही. मंग बाजार रस्त्यावर गेला."

मी गाडीतून उडी मारली आणि पावलांनी तो माळ मोजायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आडवा. काका चिंचेखाली बसून बिडी ओढत होते. पुस्तकांत मी वाचलं होतं की नदीनं पात्र बदललं आणि नगरं ओसाड पडली. इथे नदी जागच्या जागी होती, डोंगर जागच्या जागी होते. बदललं होतं फक्त ओढणाऱ्याचं बळ कुठून येतं ते. कडब्याच्या जागी डिझेल आलं आणि जिवंत बाजाराचं माळरान झालं, तेही माझ्यासमोर बिडी ओढत बसलेल्या माणसाच्या हयातीत. मला नाईलची आठवण झाली नाही, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

नाशिकला परतल्यावर मी दोन नकाशे काढले. एक बैलाचा, एक ट्रकचा. सर बराच वेळ ते बघत होते. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक मालेगाववर ठेवलं.

"हे एवढं मोठं का? बैलानं आणि ट्रकनं याचं उत्तर मिळत नाही."

मिळत नव्हतं. मालेगावच्या यंत्रमागांचं कापड मी प्रत्येक बाजारात बघितलं होतं. एका कापडवाल्याकडून तिथल्या एका विणकर कुटुंबाचा पत्ता घेतला. निघायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "मीबी येतो. इतकी वर्सं कोळसा उतरवतोय, तो जातो कुठं ते बघू तरी."

त्यांनी एक रजा टाकली, धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि आम्ही आग्रा रोडची एसटी पकडली. मालेगावच्या स्टँडवर उतरलो तर सायकली आणि रिक्षांमधून पाऊल टाकायला जागा नव्हती. गल्लीत शिरलो तेव्हा आधी आवाज आला. खट्खट् खट्खट्, प्रत्येक दारातून, सगळ्या गल्ल्यांतून. आबा माझ्याशी काही बोलले ते मला ऐकू आलं नाही.

घरमालक माझ्या वडिलांच्या वयाचे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला मागांच्या खोलीत नेलं. चार माग चालू होते आणि त्यांच्यावर दोनच माणसं. आबा विजेच्या बोर्डापाशी गेले, तिथून निघून भिंतीवरून मोटारीपर्यंत आलेली तार त्यांनी डोळ्यांनी माग काढत बघितली. तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि चारही माग एकदम थांबले.

"फ्यूज गेला," मालक म्हणाले. "बसा, लावतो."

पहिल्यांदाच आम्हाला एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येऊ लागलं. मी विचारलं की वीज यायच्या आधी काय होतं. त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे त्यांच्या वडिलांचा हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. त्यांनी खड्ड्यात पाय सोडून आडवं सूत नेणारा धोटा चार-पाच वेळा फेकून दाखवला.

"आमचे बुजुर्ग उत्तरेकडून चालत आले," ते म्हणाले. "रस्ता इथून जातो, नदी आहे, सूत मिळतं, कपडा विकला जातो. म्हणून थांबले. पण हाताचं काम म्हणजे कसं, हात थकला की कपडा थांबला. एक माणूस, एक माग. आता हात थकत नाही. कान थकतात."

आबा हसले. मग त्यांनी विचारलं, "एका पाळीत किती कापड निघतं?"

मालकांनी सांगितलं. आबांनी मनाशी काही हिशेब केला आणि आपण दिवसाला किती वाघिणी खाली करतो ते सांगितलं. मालक आधी समजले नाहीत. मी म्हटलं की आबा वीज केंद्रात कोळसा उतरवतात. ते उठून उभे राहिले, आबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आतल्या दाराकडे तोंड करून चहा सांगितला, वर म्हणाले, "जिसका कोयला, उसकी चाय."

"सगळी वीज आमच्याच कोळशाची नसंल," आबा संकोचून म्हणाले. "तारेत सगळ्यांची मिसळती."

"तारेत मिसळू दे. बसलात तर तुम्ही आमच्या घरी."

मग ते दोघं असे गप्पांना लागले की मी वहीच मिटली नाही. मी बैलाच्या कडब्याची गोष्ट सांगितली. आबा म्हणाले, पूर्वीचं वाफेचं इंजिनबी आपला कोळसा आपल्या पाठीवर घेऊन फिरायचं आन मनमाडला पाणी प्यायचं. तारेचं तसं नाय, तार काहीच खात नाय, म्हणून ती लांब जाते. तारेतही वाटेत थोडी वीज वाया जाते हे मला ठाऊक होतं, ते मी सांगितलं. आबा म्हणाले, "तेवढं खाऊ दे की."

परतताना एसटीत मी तिसरा नकाशा मांडीवरच काढला. मालेगावला जागा दिली होती ती रस्त्यानं आणि नदीनं, पण तेवढीच जागा कितीतरी गावांना मिळाली होती. इथे विणणारे हात आधीपासून होते, म्हणून तार आल्यावर गाव फुगलं. भूगोल दार उघडून देतो, आत कोण येईल आणि कशाच्या बळावर कामाला लागेल ते तो एकटा ठरवत नाही. गाडी चांदवडचा घाट चढत होती आणि माझी पेन्सिल सारखी घसरत होती. आबा खिडकीबाहेर बघून तारांचे मनोरे मोजत होते. मोठ्यानं मोजत होते, आणि एखादा चुकला की मला विचारत होते.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. त्यांनी माझे नकाशे उलटसुलट बघितले.

"तुमच्या अंतराचं एकक काय?"

"बैलाचा एक दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटांची परीक्षा तासभर चालली. त्यांनी मला चांगलंच सोललं. शेवटच्या प्रकरणात मी देवळ्याहून निघून थेट मोहेंजोदडोला पोचले होते. ते म्हणाले, हे गाळा, याला पुरावा नाही. मी भांडले. सर मधे पडले नाहीत. शेवटी निम्मं प्रकरण राहिलं, निम्मं गेलं. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, पण निकाल ऐकून बाहेर पडले तेव्हा माझ्या डोक्यात गाळलेल्या पानांवरचे प्रश्नच फिरत होते आणि पावलं जमिनीला लागत नव्हती.

ऐंशीच्या दशकात मला वणीच्या एका शाळेत नोकरी लागली. देवीच्या गडावर जाणाऱ्या भाविकांनी गाव नेहमी गजबजलेलं असायचं. आठवीच्या वर्गाला मी भूगोल शिकवायची. एकदा मी मुलामुलींना घरी जाऊन बघायला सांगितलं की चुलीत काय जळतं आणि ते कुठून येतं. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. लाकूडफाटा, गोवऱ्या, रॉकेल, तुराट्या. एका कंपाउंडरच्या घरी गॅसची टाकी आली होती, त्याच्या मुलीला ती कशी पेटते ते सांगायला सगळ्यांनी दोनदा उभं केलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी राहिली. तिची आई डोंगरातून मोळी आणायची.

"बाई, आई पहाटे निघती आन जेवायच्या वक्ताला येती. पूर्वी लवकर यायची. झाडं लांब गेली."

"किती लांब गेली?"

"म्हाईत नाय. मोजलं नाय कुणी."

वर्गात सगळे तिच्याकडे वळून बघत होते. मी विचारलं, तुझी आई आपल्याला बरोबर नेईल का? ती म्हणाली, इचारते. पुढच्या रविवारी सकाळी सहाला अकरा मुलं शाळेच्या फाटकापाशी हजर होती. तिची आई डोक्याला चुंबळ बांधून, हातात कोयता घेऊन पुढे उभी होती. एवढी पलटण बघून ती थोडी लाजली.

"लय चालावं लागंल बाई," ती मला म्हणाली.

मी घड्याळात बघून वेळ लिहून घेतली आणि आम्ही तिच्यामागे चालू लागलो.